गोळ्यांची पंगत

धाराशिवला जाऊन आले म्हटलं की आमच्या नाशकात समोरचा माणूस लगेच म्हणतो, "म्हणजे तुळजापूरला." मी नाही म्हणते. देवीला मी बसच्या खिडकीतून हात जोडले आणि पुढे गेले. मग इतक्या लांब कशाला गेला होतात, असा प्रश्न येतो. खरं सांगितलं की लोकांचे चेहरे पडतात, म्हणून आजवर मी 'कामाला' एवढंच सांगत आले. पण या खेपेला जे पाहिलं ते पोटात ठेवून बसण्यासारखं नाही. परत येऊन बरेच दिवस झाले तरी पाण्याचा पेला हातात घेतला की ते शेत आठवतं आणि एक तळहात माझ्यापुढे येतो. म्हणून लिहून काढते. माणसांची नावं बदलली आहेत, गावांची नाहीत.

आधी काम सांगते. जन्मठेपेच्या कैद्याला अधूनमधून पॅरोलवर घरी जायला मिळतं. गावाजवळच्या पोलीस ठाण्यात हजेरी लावायची आणि ठरल्या दिवशी जेलच्या दारात परत हजर व्हायचं. दिवस चुकला तर तो फरार, आणि पुढची रजा विसरायची. या रजेवाल्यांत काही जण मनाच्या आजाराचे असतात. जेलमध्ये त्यांना रोज गोळी मिळते. घरी गेल्यावर ती कोण देणार, संपली तर कुठून आणणार, डोकं पुन्हा फिरायला लागलं तर कुणाला सांगणार, हे बघणारं कुणी नसतं. आमची छोटी संस्था तेवढं बघते. कैदी रजेवर निघाला की त्याच्याबरोबर रजा पुरेल इतक्या गोळ्यांची पिशवी जाते, आणि मागोमाग कधीतरी मी किंवा माझ्यासारखं कुणी.

धाराशिव

डिसेंबर सरत आला होता. पहाटे स्टँडवर उतरले तर दात वाजत होते. मराठवाडा म्हणजे ऊन, एवढंच डोक्यात धरून मी साधी शाल घेऊन गेले होते. तिथली आमची कार्यकर्ती शबाना मला न्यायला आली होती. तिशीतली, बोलायला फटकळ, आणि अंगावर तिच्या नवऱ्याचं जाड जर्किन. तिनं माझ्या शालीकडे बघितलं आणि डिकीतून दुसरं जर्किन काढून दिलं. म्हणाली, नाशिकहून येणारे सगळे असेच येतात.

गावात पाट्यांवर धाराशिव झालंय, चहाच्या टपरीवर अजून दोन्ही नावं चालतात. एकाच माणसाच्या एकाच वाक्यात दोन्ही आलेली ऐकली. सकाळी आठ वाजता शबानानं मला गुलाबजाम खायला घातले. इथल्या गुलाबजामांचं कौतुक ऐकून होते, पण न्याहारीला कुणी खात असेल असं वाटलं नव्हतं. खव्याचे, गरम, जिभेवर ठेवले की विरघळणारे. मी दोन खाल्ले आणि तिसऱ्याला नाही म्हटलं, याचा दुकानदाराला मनापासून राग आला.

जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचाराच्या डॉक्टरांना भेटून घेतलं. तरुण माणूस, अख्ख्या जिल्ह्याच्या मनाचा भार त्याच्या एकट्याच्या खुर्चीवर. आठवड्याचा एकेक दिवस एकेका तालुक्याच्या दवाखान्यात जातो. माझे रजेवाले कुठे-कुठे आहेत ते त्याला सांगितलं. उद्या-परवा काही लागलं तर येऊ का, असं विचारलं तर तो हसला. म्हणाला, "परवा येळवस आहे, मॅडम. जिल्ह्यात तुम्हाला चिटपाखरू भेटणार नाही. मीसुद्धा नाही."

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. आमच्याकडे अमावस्येला माणूस नवीन चप्पलसुद्धा घालत नाही. इथं अमावस्येचा सण, आणि तोही असा की दुकानं, बाजार, कचेऱ्या सगळं ओस पडतं आणि गावच्या गाव शेतात जेवायला जातं. मला ते ऐकून गंमत वाटली. ती गंमत आपल्याला किती महागात पडणार आहे हे तेव्हा कळायला मार्ग नव्हता.

तेर

पहिला रजेवाला तेरचा. तेर म्हणजे तेरणेच्या काठचं फार जुनं गाव, उकरलं की खापरं निघतात. तिथलं विटांचं देऊळ बघून मी थक्क झाले, इतक्या जुन्या विटा अजून एकमेकींना धरून उभ्या आहेत. पण खरं थक्क व्हायचं पुढेच होतं.

रजेवाला घरीच होता, बरा होता. गोळ्या दाखवा म्हटल्यावर त्याच्या बहिणीनं देव्हाऱ्यातून पाकीट काढून आणलं. पाकिटावर हळदीकुंकू. रोज पूजेत ठेवून मग एक गोळी काढायची, अशी त्यांची पद्धत. गोळ्या एकही न चुकता जात होत्या, पण कुंकवाच्या थरानं वरचं नाव आणि मुदतीची तारीख पार बुजली होती. मी ओल्या फडक्यानं पाकीट पुसायला घेतलं तर बहीण घाबरली. शबानानं तिची समजूत घातली की देवाला पाकीट पाठीमागून दाखवायचं, अक्षराच्या बाजूनं नाही. बहिणीला ते पटलं. मलाही पटलं, आणि परतीच्या रस्त्यात मी शबानाला म्हटलं की या जिल्ह्यात मला याहून धक्कादायक काही दिसलं तर मी नोकरी सोडेन. शबाना म्हणाली, बोलू नका असं.

अणदूर

दुसरा रजेवाला अणदूरजवळच्या वस्तीवर. दत्ता, वय चाळिशीच्या आत-बाहेर. त्याच्याबद्दल मला काळजी होती, आणि ती का ते सांगायला हवं. फार वर्षांपूर्वी त्याच्या कानात आवाज यायला लागले. सोलापूरच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी ते थांबले. बरं वाटतंय म्हणून गोळ्याही थांबल्या. पुढच्या काही आठवड्यांत त्याला पक्कं वाटू लागलं की सख्ख्या थोरल्या भावानं विहिरीत विष कालवलंय. एका दुपारी त्यानं भावाच्या डोक्यात कुदळ घातली. खटल्यात आजाराबद्दल कुणी बोललंच नाही. जेलमध्ये गोळ्या पुन्हा सुरू झाल्यावर तो माणसात आला, आणि आपण काय केलं हे त्याला तेव्हा कळलं. म्हणजे या माणसाची गोळी ही नुसती गोळी नव्हती. ती बंद पडली तर काय होतं हे त्या घरानं एकदा बघितलेलं होतं.

अणदूरला खंडोबाचं देऊळ आहे. आत गेले तर गाभाऱ्यात मूर्तीच नाही. मी चरकले. शबाना हसायला लागली. इथला देव एकच आणि देवळं दोन, एक अणदूरला, एक नळदुर्गला. देव वर्षातला थोडा काळ नळदुर्गला राहायला जातो आणि दोन्ही गावचे मानकरी बसून तसा लेखी करार करतात. बाहेर उन्हाला बसलेल्या एका म्हाताऱ्या बाबांना मी विचारलं, करार कशाला? ते म्हणाले, "रजेवर गेलेला परत याया नगं का?" मी कुठल्या कामाला आले हे त्यांना ठाऊक नव्हतं.

दत्ताच्या घरी जाण्याआधी ठाण्यात गेले. हवालदार सरळ माणूस, चहा पाजला. दत्ता रोज वडिलांच्या मोटरसायकलवर मागे बसून येतो, सही करतो, जातो, काही त्रास नाही, म्हणाले. मग कप ठेवून म्हणाले, "पोरगा ठीक हाय, म्याडम. म्हाताऱ्याचंच काय तरी बगा. सही हुईस्तोवर बाकड्यावर घोरतो. परवा भिंतीला गाडी घातली."

मी हे ऐकलं आणि वयाच्या खाती टाकून दिलं.

वस्तीवर पोचलो तर दत्ता गोठ्यात शेण काढत होता. हात धुऊन आला, लांबूनच नमस्कार केला. नजर शांत, बोलणं हळू. झोप येते का, आवाज येतात का, असं सगळं विचारून झालं. सगळं व्यवस्थित. मला इतकं हायसं वाटलं की मी मावशींनी, म्हणजे त्याच्या आईनं, दिलेला चहा न कुरकुरता प्याले, जरी त्यात साखरेऐवजी मीठ पडलेलं होतं. मावशींचा कप देताना हात थरथरत होता. आबा, म्हणजे त्याचे वडील, बाजेवर बसल्या बसल्या डुलक्या घेत होते. घरात चौथं माणूस सुरेखाताई, पन्नाशीला आलेल्या, कपाळ मोकळं. कमी बोलायच्या. त्या दत्ताची बहीण असाव्यात असं मी धरून चालले.

गोळ्या रोज घेतोस का, असं विचारलं तर दत्ता म्हणाला, "घेतो की. आमी समदे जेवणावर घेताव."

'आमी समदे' या शब्दांवर मी थांबायला हवं होतं. पण मराठवाड्यात माणूस स्वतःला आमी म्हणतो, हे मला दोन दिवसांत सवयीचं झालं होतं. आणि 'समदे' हे मला त्याच्याबरोबर जेवणारं घर वाटलं. पिशवी बघायला मागितली तर मावशी म्हणाल्या, "उंद्या शेतात या जेवायला. येळवशीला पावणा घरात पाय ठिवून तसाच जात न्हाय. पिशवी तितंच बगा." शबानानं मला डोळ्यानं खुणावलं, की इथं नाही म्हणायचं नसतं.

येळवस

दुसऱ्या दिवशी रस्त्यानं निघालो आणि डॉक्टर म्हणाला होता त्याचा अर्थ कळला. हमरस्त्यावरची हॉटेलं बंद, दुकानांना कुलपं, कुत्रीसुद्धा शेतात गेलेली. आणि शिवारात मात्र जत्रा. जिथं बघावं तिथं कडब्याच्या पेंढ्यांची खोपटी, बायकांच्या नव्या साड्या, डोक्यावर टोपल्या, बैलांच्या गळ्यात घुंगरं. खोपटाच्या आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, ते पांडव. आबा तांब्यातली आंबील पिकावर शिंपडत काहीतरी पुटपुटत शेताला वळसा घालून आले. येताना त्यांचा पाय दोनदा अडखळला.

जेवण मात्र आयुष्यात विसरणार नाही असं. भज्जी म्हणून जे वाढलं ती आमची भजी नव्हे. ओले तुरीचे दाणे, हरभरा, वाटाणा, मेथी, गाजर, हाताला लागेल ते शेतातलं सगळं बेसन-ताकात शिजवलेलं. बरोबर बाजरीचे वाफवलेले उंडे, तिळाची पोळी, गव्हाची खीर आणि मडक्यातली गार आंबील. मी कोंडाळ्यात मांडी घालून बसले. मावशींनी सगळ्यांना एकाच मोठ्या परातीतून वाढलं, आणि परातीत काही शिल्लक राहिलं तर ते सगळ्यांत सारखं वाटलं. कुणाच्या पुढ्यात वेगळं काही नाही.

जेवणं झाली. मावशींनी कमरेची पिशवी सोडली. मला वाटलं सुपारी असेल. त्यांनी पहिल्यांदा दत्ताच्या हातावर काहीतरी ठेवलं. मग आबांच्या. मग सुरेखाताईंच्या. मग एक स्वतःच्या. आणि मग तो थरथरता तळहात माझ्यापुढे आला. त्यावर पांढरी गोळी.

"घ्या, बाई," मावशी म्हणाल्या. "तुमी बी पंगतीला हाव."

ती गोळी मी ओळखत होते. धडधाकट माणसाला झोपवणारी, हात थरथरवणारी, चालता चालता पाडणारी. माझ्या समोर ती तीन धडधाकट माणसं पाण्याचा तांब्या फिरवत गिळायच्या बेतात होती. शबानानं सुरेखाताईंचा हात धरला आणि मी आबांच्या तळहातावरची गोळी जवळजवळ हिसकावून घेतली. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी कुणाच्या हातातून काही हिसकावलं नव्हतं.

"किती दिवस चाललंय हे?" मी विचारलं.

रजेच्या पहिल्या दिवसापासून, असं कळलं. पहिल्या संध्याकाळी मावशींनी गोळी पुढे केली तर दत्तानं ती घेतली नाही. मी एकटाच येडा हाय का, असं म्हणून तो पानावरून उठला. आजार नवा होता तेव्हा या घरात त्याचं ताट वेगळं केलं होतं, ओसरीच्या टोकाला, कारण घरातले त्याला भ्यायचे. ते ताट मावशींच्या मनातून गेलं नव्हतं. त्यांनी दुसऱ्या क्षणी आपल्याही तोंडात एक गोळी टाकली आणि आबांना दिली. दत्ता पुन्हा बसला, आणि त्यानं घेतली.

"आमच्यात एकट्याच्या पानात येगळं वाढायची रीत न्हाय," मावशी म्हणाल्या. "एकदा वाढलं, त्याचं काय झालं त्ये बघितलं."

मला राग यायला हवा होता. आला नाही. मी फक्त हादरले होते. या माउलीनं आपल्या मुलाची गोळी एक दिवसही चुकू दिली नव्हती, आणि त्यासाठी आपल्या म्हाताऱ्याला रोज गुंगीत मोटरसायकलवर बसवून त्याच मुलाला मागे बसवून पाठवलं होतं. हमरस्त्यावरून. ती गाडी भिंतीवरच आदळली, ट्रकवर नाही, एवढंच नशीब.

मग मी सुरेखाताईंकडे वळले. तुम्ही शिकलेल्या दिसता, तुम्ही तरी अडवायचं, असं काहीसं बोलून गेले. त्यांनी पदर नीट केला आणि पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे बघितलं.

"बाई, म्या ह्येची भैन न्हाय. ह्येनं मारला त्यो माजा मालक हुता." दत्ताची मान खाली गेली. "पोलीस इचारायला आले, ह्येला रजा द्यावं का म्हणून. म्या व्हय म्हणलं, सासूकडं बगून. पर गोळी गिळल्याली मला माज्या डोळ्यानं दिसाया पायजे. लांबून कळत न्हाय, गालात ठिवली का गिळली. संगं बसलं की दिसतंय. आन संगं बसायचं तर गोळी घ्यावी लागतीय."

शेजारच्या बांधावर पोरीबाळी झोका घेत हसत होत्या. प्रेमानं गोळी घेणारी एक आणि धसक्यानं घेणारी दुसरी, दोघी रोज एकाच पानाशी बसत होत्या, आणि मध्ये तो.

मग मला उशिरा सुचलं ते विचारलं. पिशवीत उरलंय काय? मावशींनी पिशवी उलटी केली. काही नाही पडलं. आजच्या गोळ्या त्या शेवटच्या. आबांच्या, ताईंच्या हातातून काढलेल्या, मावशींची, माझ्यापुढे आलेली आणि दत्तानं न गिळता खाली ठेवलेली, एवढ्याच. रजेचा पाऊण हिस्सा अजून बाकी होता.

शिवारात मेडिकल

या गोळ्यांचं असं असतं की एकदोन दिवस पुरवून चालत नाही. ओळीनं मिळाल्या पाहिजेत. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर यायला आठवडा होता, आणि मला दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं होतं. शबानानं तिथंच बांधावर उभं राहून त्याला फोन लावला. तो आपल्या मामाच्या शेतात खीर खात होता. ऐकल्यावर त्यानं उष्ट्या हातानंच दोनचार प्रश्न विचारले आणि म्हणाला, चिठ्ठी मोबाइलवर पाठवतो, पण आज दुकान कोण उघडणार?

पुढच्या दोनतीन तासांवर मला एरवी हसू आलं असतं. अणदूरच्या मेडिकलवाल्याचं दुकान बंद, फोन बंद. त्याचं शेत कुठं, तर 'पल्याड'. शबानाच्या स्कूटीवर मागे बसून मी पल्याड शोधत फिरले. प्रत्येक बांधावर वाट विचारायला थांबावं, तर पहिलं पान पुढे येई. घाई आहे म्हटलं तर माणसं दुखावत. येळवशीला आलेला माणूस उपाशी गेला तर शेताला लागतं, असं एका आजीनं रडवेल्या तोंडानं सांगितल्यावर मी उभ्या उभ्या तिसऱ्यांदा भज्जी खाल्ली. एकदा स्कूटी पाटाच्या चिखलात रुतली आणि आम्ही दोघी आडव्या झालो. नाशिकची मॅडम चिखलात पडलेली बघून अख्खी वस्ती धावून आली, आम्हाला उचललं, धुतलं, आणि चौथं पान वाढलं. मी ते न चावताच गिळलं, कारण डोळ्यांपुढे ती रिकामी पिशवी होती.

मेडिकलवाला अखेर एका चिंचेखाली घोरताना सापडला. चिठ्ठी बघितली, कुणासाठी ते ओळखलं. तो जरा थांबला आणि मला वाटलं, आता नाही म्हणणार. तो म्हणाला, "मेलेला माझ्या वर्गातला होता." मग धोतराचा सोगा झटकून उठला, आमच्यापुढे मोटरसायकल घातली, ओस पडलेल्या पेठेत एकट्यानं शटर वर केलं आणि रजेपुरत्या गोळ्या मोजून दिल्या.

परत शेतात आलो तेव्हा दिवस कलला होता. माणसं कडब्याच्या पेटत्या पेंढ्या घेऊन आपापल्या शेताभोवती फिरत होती. लांबून सगळं शिवार हलत्या दिव्यांनी भरलं होतं. दत्ता खोपटाच्या तोंडाशी गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. आपल्या गोळीनं आईबाप आजारी पडले, हे त्याला दुपारीच उमगलं होतं, आणि त्यानं ठरवून टाकलं होतं की आता गोळी नकोच.

मी त्याच्यापुढे बसले. त्याला म्हटलं, तुझी गोळी तुझ्यासाठी आहे, ती दुसऱ्याला विष. तो म्हणाला, "मग माज्यासंगं कोण?"

संध्याकाळ झाली होती आणि सवयीनं माझा हात पर्सकडे गेला, कारण माझीही गोळीची वेळ झाली होती. रक्तदाबाची. रोज एकटी घेते, स्वयंपाकघरात उभी राहून. ती काढून मी त्याला दाखवली. ही माझी, म्हटलं, मरेपर्यंत घ्यायची आहे, आणि तुझ्याबरोबर आज घेते.

शबानानं आबांना विचारलं, तुम्हाला कधी कुणी गोळ्या दिल्यात का? आबा ओशाळले. साखरेच्या दिल्या होत्या मागे, कोनाड्यात पडून आहेत, कोण खातंय, म्हणाले. मावशी त्यांच्यावर जी तुटून पडल्या ती तुटून पडल्या. दुसऱ्याची औषधं इमानानं गिळणाऱ्या माणसानं स्वतःची कोनाड्यात ठेवली होती. डॉक्टरला विचारून त्या पुन्हा सुरू करायचं ठरलं. मावशींच्या पापण्या खाली ओढून शबाना म्हणाली, रक्त कमी दिसतंय, तपासून लोहाच्या गोळ्या आणून देते. राहिल्या सुरेखाताई.

"मला काय बी नगं," त्या म्हणाल्या. "बसते नुसती."

दत्तानं पहिल्यांदा त्यांच्याकडे मान वर करून बघितलं. मग मी माझी गोळी तोंडात टाकली आणि त्यानं त्याची. सुरेखाताई त्याच्या गळ्याकडे बघत होत्या. ती घाटी वर जाऊन खाली आली तेव्हा त्या उठल्या आणि भांडी गोळा करायला लागल्या.

परत

निघताना मावशी अणदूरच्या स्टँडवर आल्या. हाताचा थरथराट जरा कमी झाला होता. फडक्यात धपाटे, शेंगदाण्याची चटणी. सोलापूरची बस लांबून दिसली तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं आणि विचारलं, "बाई, जेलात त्येच्यासंगं गोळी कोण घेतंय?"

मी काहीतरी बोलले. तिथं पुष्कळ जण असतात, काळजी करू नका, असं. त्या म्हणाल्या, "एकाचं तरी नाव सांगा." मला एकही सांगता आलं नाही, आणि बस आली.

दत्ता ठरल्या दिवशी जेलच्या दारात वेळेआधी हजर झाला. सुरेखाताई सोडायला आल्या होत्या म्हणे. त्यानंतर काही दिवसांनी मी कामाला जेलच्या दवाखान्यात गेले. गोळ्यांची वेळ होती. खिडकी, खिडकीपुढे रांग. नाव घेतलं की हात पुढे, गोळी तोंडात, जीभ दाखव, चल पुढे. हे मी कितीदा तरी बघितलेलं आहे. दत्ताची पाळी आली. त्यानं गोळी तळहातावर घेतली आणि बाजूला होऊन उभा राहिला. गिळली नाही. मागच्या माणसाला त्याची गोळी मिळाली, तो बाजूला आला, आणि दोघांनी एकमेकांकडे बघत एकदमच हात तोंडाशी नेला.

कंपाउंडर मला म्हणाला, "रजेवरून आल्यापासून हे नवीन खूळ. रोज असाच खोळंबा करतो."

मी त्या दुसऱ्या माणसापाशी गेले. त्याचं नाव विचारलं आणि ते दत्ताच्या आईला सांगितलं तर चालेल का, हेही विचारलं. तो इतका बावरला की आधी त्याला नाव आठवेना. मग म्हणाला, सांगा.

त्या संध्याकाळी वस्तीवर फोन लावला. सुरेखाताईंनी उचलला आणि मावशींच्या कानाला लावून दिला. मी म्हटलं, "मावशी, किसन नावाचा आहे. त्याच्यासंगं रोज घेतो."

मावशींनी विचारलं, "त्येची रजा कदी हाय?"

मी सांगितलं, लवकरच.

"मग त्येच्या घरी त्येच्यासंगं कोण बसतंय त्ये बगा आदी," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

किसनच्या घरचा पत्ता मी काढला आहे. घराला कुलूप आहे.